वाचक विचारतात: पावसाळा, परवान्याची बंदूक आणि गंज

मृग नक्षत्र जवळ आले की शेतीसंरक्षणाचा बंदूक परवाना असलेल्या बागायतदारांची, नेमबाजांची आणि वाडवडिलांची बंदूक घरात सांभाळणाऱ्यांची पत्रे येऊ लागतात, आणि त्यांतील तक्रार बहुधा एकच असते: नीट पुसून, तेल लावून, गुंडाळून ठेवलेली बंदूक गणपतीच्या सुमारास बाहेर काढली तर तिच्यावर तांबूस थर चढलेला होता. त्यांपैकी काही पत्रे येथे घेतली आहेत. ही सर्व उत्तरे परवानाधारकाने स्वतःच्या, परवान्यावर नोंद असलेल्या शस्त्राची निगा राखण्यापुरती आहेत. बंदुकीला हात लावताना प्रथम ती उघडून आत काडतूस नाही याची डोळ्यांनी आणि बोटाने खात्री करून घेतली आहे, असे प्रत्येक ठिकाणी गृहीत धरले आहे.

प्रश्न : माझ्याकडे एकनळी बारा बोअरची बंदूक आहे. काजू आणि आंब्याचा हंगाम संपला की मी ती खोबरेल तेलाने पुसतो, तेलाच्या फडक्यात गुंडाळतो, चामड्याच्या म्यानात घालतो आणि लोखंडी कपाटात कुलपात ठेवतो. तरीही दरवर्षी नळीवर आणि चापाच्या भोवती गंज येतो. कपाटात पाण्याचा थेंबही जात नाही. मग गंज येतो कोठून? — एक बागायतदार, ता. सावंतवाडी

उत्तर : आपण घेत असलेली काळजी मनापासूनची आहे, पण तिच्यातील जवळजवळ प्रत्येक पायरी गंजाला मदत करणारी आहे, हे आधी स्पष्ट सांगितले पाहिजे. गंजासाठी पाण्याचा थेंब लागत नाही. लोखंड, प्राणवायू आणि हवेतील बाष्प एवढे पुरते. हवेची सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की लोखंडाच्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारा पाण्याचा पातळ थर धरू लागतो आणि गंजण्याचा वेग एकदम वाढतो. तळकोकणात जुलै-ऑगस्टमध्ये ही आर्द्रता दिवसचे दिवस ९० टक्क्यांच्या आसपास असते. त्यातच धातूवर मीठ असेल, मग ते समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्याचे असो की आपल्याच हाताच्या घामाचे, तर त्याहून कमी आर्द्रतेतही ओल धरली जाते. चापाच्या भोवती आणि नळीच्या मध्यभागी, म्हणजे बंदूक उचलताना हात पडतो नेमक्या त्याच जागी गंज दिसण्याचे कारण हे आहे. पुष्कळदा तर त्या डागांत बोटांचे ठसेही ओळखू येतात.

आता खोबरेल तेलाविषयी. कोकणात ते केसांपासून बिजागरीपर्यंत सर्वत्र चालते, म्हणून ते बंदुकीलाही लावले जाते. पण वनस्पतिजन्य तेले हवेने खवट होतात, त्यांत आम्ले तयार होतात, आणि काही महिन्यांत त्यांचा चिकट राळेसारखा थर बनून घोडा आणि चाप जड चालू लागतात. शिवाय खोबरेल २४ अंशांच्या खाली थिजते. बंदुकीला खनिज तेलच लावावे. बंदुकीचे म्हणून मिळणारे तेल उत्तम. ते नसेल तर शिलाई मशीनचे स्वच्छ तेलही चालते, मात्र ते पातळ असल्यामुळे ओघळून जाते आणि दर पंधरा दिवसांनी पुन्हा लावावे लागते. अनेकांच्या घरी असणारा डब्ल्यूडी-४० हा फवारा पाणी हुसकावण्यासाठी चांगला आहे, त्याचे नावही त्याच कामावरून पडले आहे. पण त्याचा मागे राहणारा थर फार पातळ असतो, म्हणून चार महिन्यांच्या साठवणीसाठी एकट्या त्याच्या भरवशावर राहू नये.

सर्वांत मोठा दोष त्या म्यानाचा आहे. चामडे हवेतील ओल शोषून घेते, धरून ठेवते, आणि ते कमावताना वापरलेले क्षार व आम्ले त्या ओलीबरोबर धातूपर्यंत पोहोचतात. रेक्झीनच्या, आतून फोम लावलेल्या खोक्याचीही तीच गत आहे. तेलाच्या फडक्यात गुंडाळण्याचा रिवाज जुना आहे, परंतु ते फडके ज्या दिवशी गुंडाळले त्या दिवसाची दमट हवा आत कोंडून ठेवते आणि वर बंदूक नजरेआड होते. म्यान हे बंदूक घरापासून बागेपर्यंत नेण्यासाठी आहे, तिला पावसाळाभर झोपवण्यासाठी नाही.

तेव्हा असे करावे. मे महिन्याच्या अखेरीस कोरड्या दिवशी, दुपारच्या उन्हाच्या वेळी बंदूक खोलून नळीतून ब्रश आणि कोरडी चिंदी फिरवावी, बाहेरचा धातू स्वच्छ सुती कापडाने पुसावा, आणि त्यानंतर हातात सुती मोजे घालून सर्व धातूवर तेलाचा हलका हात फिरवावा. तेल टपकेल इतके लावू नये. जास्तीचे तेल दस्त्याच्या लाकडात मुरते आणि जोडाजवळचे लाकूड पोचट करते. याच कारणाने उभी ठेवायची असल्यास बंदूक नळीचे तोंड खाली करून ठेवणे बरे. कपाट समुद्राकडच्या किंवा पावसाचा मारा असलेल्या भिंतीला चिकटून असेल तर ते वीतभर पुढे ओढावे आणि खाली लाकडी ठोकळे द्यावेत. चार महिन्यांत दर पंधरवड्याला एकदा बंदूक बाहेर काढून, पाहून, पुसून, तेलाचा हात देऊन परत ठेवावी. या दहा मिनिटांच्या कामाची बरोबरी कोणतेही महागडे तेल करू शकत नाही, असे माझे मत आहे.

नळीच्या तोंडात कापसाचा किंवा चिंधीचा बोळा कोंबण्याची सवय अनेकांना आहे. आपण तसे लिहिलेले नाही, पण ओघात सांगतो. कुंभारीण माशी नळीत मातीचे घर बांधते म्हणून हा बोळा घालतात, आणि ती भीती खोटी नाही. परंतु बोळ्याने आतली ओल आतच राहते, आणि घाईच्या वेळी तो काढायचा राहिला तर बार काढताना नळी फुटते. कुंभारणीचे भय असेल तर बाहेरून बसणारी, दुरून दिसेल अशा रंगाची टोपी घालावी. पावसाळ्यानंतर पहिल्यांदा वापरण्यापूर्वी नळीतून आरपार उजेड पाहून आतले तेलही कोरड्या चिंदीने पुसून काढावे.

प्रश्न : आमच्याकडे ठासणीची, म्हणजे तोंडाकडून दारू ठासून भरायची बंदूक आहे. बार काढल्यावर मी न चुकता नळीत तेल सोडतो, तरी आठवड्याभरात नळीच्या तोंडाशी आणि केप (दारू पेटवणारी छोटी टोपी) बसवतो तेथे गंज दिसतो. काडतुसाच्या बंदुकीला असे होत नाही, असे शेजारी म्हणतात. — एक वाचक, ता. दोडामार्ग

उत्तर : शेजारी म्हणतात ते बरोबर आहे, आणि याचे कारण तेलात नसून दारूत आहे. ठासणीच्या बंदुकीत काळी दारू वापरतात. तिच्यात सोरा, गंधक आणि कोळसा असतो, आणि ती जळून गेल्यावर नळीत पोटॅशियमचे कार्बोनेट, सल्फेट व सल्फाइड असे क्षार मागे राहतात. हे क्षार हवेतील पाणी आधाशासारखे ओढून घेतात. जुन्या पद्धतीच्या केपमध्ये पोटॅशियम क्लोरेट असेल तर त्यापासून क्लोराइड तयार होते, आणि ते साध्या मिठाइतकेच घातक आहे. हे सर्व पदार्थ पाण्यात विरघळतात, तेलात विरघळत नाहीत. आपण वरून तेल सोडता तेव्हा क्षार धुतले जात नाहीत, केवळ झाकले जातात, आणि खाली त्यांचे काम चालू राहते.

पाण्याने लोखंड धुवायचे हे ऐकायला उलटे वाटते, पण काळ्या दारूच्या बंदुकीला दुसरा उपाय नाही. बार काढला त्याच दिवशी, केप बसवण्याची छोटी नळी आणि शक्य असल्यास मुख्य नळीही दस्त्यापासून वेगळी करून, कढत पाण्यात थोडा साबण घालून गजाला चिंदी बांधून ती आत-बाहेर फिरवावी. पाणी काळे येणे थांबेपर्यंत हे करावे, मग नुसत्या कढत पाण्याने धुवावे. पाणी कढत घेण्याचे कारण असे, की त्याने धातू तापतो आणि उरलेली ओल आपोआप उडून जाते. नळी पूर्ण कोरडी झाल्यावर, ती हाताला किंचित ऊन लागत असतानाच तेल द्यावे, आणि दुसऱ्या दिवशी पांढरी चिंदी फिरवून पाहावी. चिंदी तांबूस आली तर धुणे अपुरे झाले आहे असे समजावे.

याहून महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. रानडुक्कर केव्हा येईल सांगता येत नाही, म्हणून ठासलेली बंदूक आठवडेच्या आठवडे खुंटीला टांगून ठेवणारी घरे आहेत. ती दारू ओल धरते, नळीचा तळ आतून गंजवते, आणि एखाद्या दिवशी नको तेव्हा पेटते. नळी रिकामी आहे की नाही हे कळण्यासाठी गज आत तळापर्यंत सोडून त्याच्यावर खूण करावी आणि तीच लांबी बाहेरून नळीला लावून पाहावी. फरक आला तर आत काहीतरी आहे. अशी बंदूक घरी टोकरत बसू नये. तिची केप काढून ती दुरुस्तीचा परवाना असलेल्या कारागिराला दाखवावी.

प्रश्न : मी मुंबईत राहतो आणि नेमबाजीच्या स्पर्धांत भाग घेतो. रायफल वातानुकूलित खोलीतील कपाटात असते. कपाटात तीन उपाय सुचवले गेले आहेत: सिलिका जेल, बाजारात मिळणारे ओल शोषणारे डबे आणि लहान बल्ब. कोणता करावा? — एक नेमबाज, दादर

उत्तर : तिन्हींपैकी डब्यांबद्दल मी सावध करीन. कपड्यांच्या कपाटात टांगतात त्या पिशव्यांत आणि डब्यांत बहुधा कॅल्शियम क्लोराइड असते. ते ओल उत्तम ओढते, यात शंका नाही. पण ओढलेले पाणी तळाशी साचते आणि ते पाणी म्हणजे क्लोराइडचा तीव्र द्राव असतो. डबा कलंडला किंवा पिशवी फाटली आणि तो द्राव रायफलीवर सांडला, तर पावसाळाभरात जे झाले नसते ते एका रात्रीत होते. कपड्यांसाठी ते ठीक आहेत. पोलादाजवळ ते नकोत.

सिलिका जेल सुरक्षित आहे, पण त्याची मर्यादा समजून घ्यावी. ते आपल्या वजनाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याइतके पाणी धरते आणि मग थांबते. कपाटाच्या दाराला फट असेल तर ते काही दिवसांतच तृप्त होते आणि नुसते शोभेला उरते. म्हणून ते घट्ट झाकणाच्या, रबरी पट्टी असलेल्या पेटीतच उपयोगी पडते. रंग बदलणारे जेल घ्यावे. निळे असेल तर ओल भरल्यावर गुलाबी होते आणि ११०-१२० अंशांवर काही तास तापवले की पुन्हा वापरता येते. निळ्या रंगासाठी कोबाल्ट क्लोराइड वापरतात व ते विषारी असल्यामुळे स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये हे काम करू नये.

बल्बमागचे तत्त्व अगदी खरे आहे. हवेतील पाणी तेवढेच राहून ती तापली, तर तिची सापेक्ष आर्द्रता उतरते. २६ अंशांची ९० टक्के आर्द्रतेची हवा ३१ अंशांपर्यंत तापवली की आर्द्रता ६७ टक्क्यांच्या आसपास येते. पाच अंशांत एवढा फरक पडतो. परंतु लाकडी कपाटात उघडा बल्ब म्हणजे आगीला आमंत्रण आहे, आणि त्याच कपाटात काडतुसे असतील तर हा विचारही मनातून काढावा. कपाटासाठीच बनवलेली, बंदिस्त, कमी वॅटची तापकांडी मिळते ती लोखंडी कपाटात तळाशी बसवता येते. या सगळ्याच्या आधी दोन-चारशे रुपयांचा आर्द्रतामापक आणून कपाटात ठेवा. तो ५० च्या आसपास आकडा दाखवत असेल तर आणखी काही करण्याची गरजच नाही.

आपली खरी अडचण कपाटाबाहेर आहे. मुंबईत पावसाळ्यात हवेचा दवबिंदू २५ अंशांच्या आसपास असतो. आपली रायफल २२ अंशांच्या खोलीतून काढून व्हरांड्यात उघडली की तिच्यावर लगेच दव धरते, आणि ते नळीच्या आत आणि यंत्रणेच्या सांदीतही धरते, जेथे फडके पोहोचत नाही. रायफल बंद खोक्यातच ठेवून खोके बाहेरच्या तापमानाला येऊ द्यावे, अर्धा-पाऊण तास गेल्यावर उघडावे. सरावाहून परतल्यावर मात्र रायफल त्या फोमच्या खोक्यातून लगेच बाहेर काढावी.

अभियांत्रिकी कारखान्यांशी संबंध असलेल्यांना व्हीसीआय कागद माहीत असेल. चाकण-पिंपरीकडचे सुटे भाग त्यात गुंडाळून पाठवतात. त्यातून निघणारे बाष्प पोलादावर बसून गंज रोखते. बंद पेटीत ठेवण्यासाठी तो चांगला उपाय आहे, पण तो उघड्यावर निरुपयोगी ठरतो.

प्रश्न : खंडेनवमीला आम्ही शस्त्रपूजन करतो. दिवाळीनंतर पाहिले तर हळदकुंकवाची बोटे लावली होती तेथे नळीवर गोल डाग पडलेले दिसले. पूजा तर करायचीच आहे. मग काय करावे? — एक वाचक, सातारा

उत्तर : पूजा अवश्य करावी. डाग पडतात ते ओल्या हळदकुंकवाने, त्यावर शिंपडलेल्या पाण्याने आणि रात्रभर नळीवर राहिलेल्या झेंडूच्या ओलाव्याने. निळसर पॉलिशचा पातळ थर एवढ्यानेही खराब होतो. पूजेपूर्वी धातूवर तेलाचा हात द्यावा, हळदकुंकू दस्त्याला किंवा बंदुकीखाली अंथरलेल्या वस्त्राला वाहावे, फुले शेजारी ठेवावीत आणि संध्याकाळी सर्व काढून बंदूक पुसून पुन्हा तेल द्यावे. पडलेल्या डागांवर तेल लावून एक दिवस ठेवावे आणि जुन्या तांब्याच्या पैशाच्या कडेने ते हलके खरवडावेत. तांबे पोलादापेक्षा मऊ असल्यामुळे ओरखडा उठत नाही. खंडेनवमी पावसाळ्याच्या शेवटाला येते, तेव्हा चार महिन्यांनंतरची मोठी तपासणी त्याच दिवशी उरकणे सोयीचे आहे.

प्रश्न : आजोबांची विलायती दुनळी बंदूक वडिलांच्या पश्चात आमच्याकडे आहे. नळ्यांवर पाण्याच्या लहरींसारखी नक्षी असून वरून बराच गंज आहे. लिंबू किंवा चिंच लावून तो काढावा असे कोणी सांगतात. तोंडाशी गंज खोल गेला आहे, तेवढा तुकडा कापून टाकता येईल का? — एक वाचक, कोल्हापूर जिल्हा

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो: नाही. परवान्याशिवाय बंदुकीची नळी आखूड करणे हा १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम ६ खाली गुन्हा आहे, मग कारण गंजाचे असो की आणखी कशाचे. आणि त्याआधी, वडिलांच्या पश्चात ती आपल्या नावावर झाली आहे का हे पाहावे. वारसाने जिल्हाधिकारी कार्यालयाकडे, आयुक्तालयाच्या हद्दीत पोलीस आयुक्तांकडे अर्ज करायचा असतो, आणि परवाना हाती येईपर्यंत बंदूक पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा असली पाहिजे. ‘जुनी आहे, चालत नाही’ हा युक्तिवाद परस्पर करू नये. दुरुस्त करूनही न चालणाऱ्या शस्त्रांना कायद्यात सूट आहे, परंतु आपली बंदूक त्यात बसते की नाही हे अधिकाऱ्यांनी ठरवायचे आहे.

लिंबू आणि चिंच तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी राहू द्यावीत. आम्ल गंज खाते तसेच मूळ तपकिरी किंवा निळसर थरही खाते, कारण तो थरसुद्धा लोखंडाचा ऑक्साइडच आहे. उघड्या पडलेल्या धातूवर मग पहिल्या पावसात नवा गंज येतो. पॉलिश पेपरही वापरू नये. भरपूर तेल लावून, अतिशय बारीक तारांच्या लोकरीने, जी शून्य-शून्य-शून्य-शून्य क्रमांकाने विकली जाते, हलक्या हाताने तांबडी भुकटी तेवढी काढावी. खाली काळपट, घट्ट बसलेला थर दिसेल तो तसाच ठेवावा. तांबडा गंज सच्छिद्र असतो आणि ओल धरून ठेवतो, म्हणून तो काढायचा. काळा थर फारसे नुकसान करत नाही. उपयोगात न येणाऱ्या, केवळ जतन करायच्या शस्त्रावर तेलाऐवजी सूक्ष्मस्फटिकी मेणाचा पातळ हात देणे सोयीचे आहे. ब्रिटिश म्युझियममध्ये विकसित झालेले असे मेण वस्तुसंग्रहालये बरीच वर्षे वापरत आली आहेत.

ती नक्षी लोखंडाच्या आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, तापवून, एकत्र ठोकून नळी घडवल्याची खूण आहे. अशा नळ्या काळ्या दारूच्या काळातल्या. पट्ट्यांच्या सांध्यात ओल शिरली तर गंज आतल्या आत पसरतो आणि वरून काहीच दिसत नाही. शिवाय अशा जुन्या बंदुकांत काडतूस बसण्याची नळीतली जागा बहुधा अडीच इंच लांबीची असते, आणि आजचे पावणेतीन इंची काडतूस तिच्यात बसते, पण फुटताना त्याचे तोंड पुरते उघडायला जागा मिळत नाही व दाब वाढतो. जाणकार कारागिराने नळीची जाडी मोजून आणि खालच्या बाजूच्या चाचणीच्या ठशांचा अर्थ सांगून परवानगी दिल्याशिवाय तीतून एकही बार काढू नये.

प्रश्न : काडतुसांनाही तेल लावून ठेवावे का? — एक वाचक, चिपळूण

उत्तर : मुळीच नाही. तेल हळूहळू आत झिरपून दारू आणि ती पेटवणारी बुडातली टोपी निकामी करते. काडतुसे कोरडी पुसून, बंदुकीपासून वेगळी, कुलपात, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावीत. सिलिका जेलची पुडी येथे योग्य आहे. जुनी कागदी काडतुसे ओलीने फुगतात आणि नळीत अडकतात. फुगलेले किंवा पितळी बुडावर हिरवट थर आलेले काडतूस वापरू नये, आणि ते उन्हात किंवा चुलीजवळ वाळवण्याचा प्रयत्न तर कधीच करू नये. खडकीच्या दारूगोळा कारखान्याची शक्तिमान काडतुसे आपल्याकडे सर्रास वापरली जातात. खोक्यावरची तारीख पाहून आधीची आधी संपवावीत.

प्रश्न : निवडणुकीच्या वेळी पोलीस ठाण्यात जमा केलेली बंदूक दोन महिन्यांनी परत मिळाली ती गंजलेली होती. तक्रार केली तर ‘अशीच आली होती’ असे उत्तर मिळाले. पुढच्या वेळी काय खबरदारी घ्यावी? — एक शेतकरी, जि. रत्नागिरी

उत्तर : ठाण्याच्या शस्त्रागारात शेकडो बंदुका एकावर एक टेकवून ठेवलेल्या असतात, आणि तेथे कोणी प्रत्येकीला तेल लावत बसेल अशी अपेक्षा व्यवहार्य नाही. जमा करण्याच्या आदल्या दिवशी नेहमीच्या पातळ तेलाऐवजी घट्ट थर द्यावा. पेट्रोलियम जेली किंवा हलके ग्रीस बाहेरून आणि नळीतून एकसारखे पसरावे. त्यावर व्हीसीआय किंवा तेलकट कागद गुंडाळून सैलसर सुती पिशवीत घालावी. प्लॅस्टिकची पिशवी तोंड बांधून देऊ नये. नळीच्या तोंडात बोळा घालू नये. चापाच्या कडीला क्रमांक आणि ‘नळीत ग्रीस आहे, पुसल्याशिवाय वापरू नये’ असे लिहिलेली चिठ्ठी बांधावी. जमा करतेवेळी ठाणे अंमलदारासमोर बंदूक उघडून दाखवून, पावतीवर क्रमांकाबरोबर ‘गंजविरहित, चालू स्थितीत’ एवढे शब्द लिहून घेण्याची विनंती करावी, आणि त्याच दिवसाची दोन-तीन छायाचित्रे, एक क्रमांकाचे व एक नळीचे, जवळ ठेवावीत. जमा ठेवण्याचा परवाना असलेला शस्त्रविक्रेता जवळपास असेल तर ठाण्याऐवजी त्याच्याकडे ठेवण्याची मुभा मागता येते. तो शुल्क घेतो, पण अधूनमधून तेलाचा हात फिरवण्याचे आधी ठरवून घेता येते. परत घेताना मात्र घरी येऊन पाहू असे म्हणू नये. तेथेच, सही करण्यापूर्वी, कागद सोडून बंदूक उजेडात धरून पाहावी, आणि डाग असतील तर त्याची नोंद पोचपावतीवर करवून घ्यावी.